आधी तालुक्याचं ठिकाण ठरवा, गाव त्यानंतर

तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच लक्षात येईल. पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन दुसऱ्या राज्यात, खेड्यात, कायमचं राहायला जायचं आहे. घरात तुम्ही दोघं, पाचवीतली मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. त्यांना दोन वर्षांपूर्वी दोन स्टेंट बसले आहेत. तुम्हा दोघांचं काम लॅपटॉपवर चालतं. जमीन आणि घर मिळून ५५ लाखांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. हिमाचलमधला कांगडा, उत्तराखंडमधलं मुक्तेश्वर, गोव्यातली सत्तरी आणि कर्नाटकातलं शिरसी अशी चार ठिकाणं सुट्टीत पाहून झाली आहेत, त्यांतलं कोणतं निवडावं, असं तुम्ही विचारलंत.

मी २००५ साली कोल्हापूर सोडून शिरसीजवळच्या एका खेड्यात आलो, सुपारीची लहानशी बाग घेतली आणि तेव्हापासून इथेच आहे. पुढे पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना जमिनीचे कागद वाचून दाखवता दाखवता तेच माझं काम झालं. काही घरं इथे छान रुजलेली पाहिली, काही दोन वर्षांत परत गेलेली पाहिली. परत गेलेल्यांपैकी एकानेही निसर्ग आवडला नाही म्हणून गाव सोडलं नाही. कुणाच्या मुलाची शाळा जमली नाही, कुणाच्या आईला बोलायला माणूस मिळालं नाही, कुणाला पावसात रस्ताच उरला नाही.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. तुम्ही चार राज्यांची तुलना करताय, पण तुमच्या घरात चार निरनिराळी घड्याळं चालू आहेत. सासूबाईंचं घड्याळ मिनिटांचं आहे: छातीत दुखलं तर दवाखाना किती मिनिटांवर. मुलीचं वर्षांचं आहे: बारावीला किती वर्षं उरली. तुमच्या दोघांच्या कामाचं तासांचं: वीज आणि इंटरनेट दिवसातून किती तास. मुलाला अजून कशाची घाई नाही. ही चारही ज्या ठिकाणी जमतील ते तुमचं ठिकाण, मग ते कुठल्याही राज्यात असो.

घरी एक काम करा. गेल्या सहा महिन्यांत कोण, कशासाठी, घरापासून किती लांब गेलं ते लिहून काढा. दाताचा डॉक्टर, चष्म्याची काच, सासूबाईंची रक्ततपासणी, इन्व्हर्टरची बॅटरी, बँकेचं केवायसी, मुलीचा चित्रकलेचा वर्ग, मुलाच्या रात्रीच्या तापाचं औषध. खेड्यात गेलात तरी ही यादी तुमच्यासोबत येते. खेडं तुम्हाला अंगण, हवा आणि शांत झोप देईल, पण यादीतलं बाकी सगळं तालुक्याचं ठिकाण देणार आहे. म्हणून मी आधी तालुक्याचं ठिकाण निवडायला सांगतो. तिथे दोन-चार दिवस लॉजवर राहून, बाजारात, दवाखान्यात, शाळेत फिरून मन भरलं, की मग त्याच्या आजूबाजूला पावसाळ्याच्या रात्री अर्ध्या-पाऊण तासात गाठता येईल अशा गावांकडे बघायचं.

आता जमिनीचा कायदा, कारण तुमच्या चारांपैकी दोन ठिकाणांचा निकाल तिथेच लागतो. देशात कुठेही राहायचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमाने दिला आहे. शेतजमीन विकत घ्यायची मुभा मात्र राज्याराज्यांत वेगळी. हिमाचलमध्ये १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याचं कलम ११८ आहे. त्यानुसार तिथला शेतकरी नसलेल्या माणसाला राज्य सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. तुमच्या नवऱ्याच्या नावावर सातारा जिल्ह्यात सातबारा असला तरी तिथे त्याचा उपयोग होत नाही. स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ आणि आपसात लिहून ठेवू, असं कुणी सुचवलं तर तिथूनच परत फिरा. असा व्यवहार उघडकीला आला तर जमीन सरकारजमा होते आणि तुम्हाला दाद मागायलाही जागा उरत नाही.

उत्तराखंडने २०२५ मध्ये आपला कायदा कडक केला. हरिद्वार आणि ऊधमसिंहनगर सोडून बाकीच्या ११ जिल्ह्यांत बाहेरच्या माणसाला शेतीची किंवा फळबागेची जमीन घेता येत नाही. नगरपालिका हद्दीच्या बाहेर राहत्या घरासाठी एका कुटुंबाला एकदाच, २५० चौरस मीटरपर्यंत जागा घेता येते. मुक्तेश्वर नैनिताल जिल्ह्यात येतं, म्हणजे या ११ मध्ये. घरापुरती जागा आणि चार झाडं एवढंच हवं असेल तर तेही पुरेल, पण तुम्ही भाजीपाला, गाय, फळझाडं असं लिहिलंय. शिवाय मुक्तेश्वर सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे आणि मोठ्या दवाखान्यासाठी हल्द्वानी गाठायला सत्तरेक किलोमीटरचा घाट उतरावा लागतो. थंडी आणि उंचीबद्दल सासूबाईंच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचाराच, पण तो घाट एकटाच मला पुरेसं कारण वाटतो. कांगड्याला टांड्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे ही जमेची बाजू, आणि भाड्याने राहायला कायद्याची आडकाठी नाही. पण तो पट्टा भूकंपप्रवण आहे. १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपात सुमारे २० हजार माणसं गेली. तिथे भाड्याचं घर घेतलंत तरी भिंती, खांब आणि मागचा उतार कुणा जाणकाराकडून बघून घ्या. तुमच्या घरासाठी मी ही दोन्ही नावं सध्या बाजूला ठेवेन. एकतर सासूबाईंच्या दृष्टीने, आणि दुसरं म्हणजे पुण्यातल्या नातेवाइकाला तातडीने यायचं झालं तर प्रवासाचा अख्खा दिवस जातो.

कर्नाटकात २०२० साली जमीन सुधारणा कायद्यातली ७९अ आणि ७९ब ही कलमं काढली गेली, तेव्हापासून शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. पण तिथे १९७८ चा आणखी एक कायदा आहे, त्याला सगळे पीटीसीएल म्हणतात. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना सरकारने दिलेली जमीन परवानगीशिवाय विकली गेली असेल तर तो व्यवहारच रद्द ठरतो, मधे कितीही हात बदललेले असोत. हा कायदा असायलाही हवा, कारण ती जमीन ज्यांच्यासाठी दिली त्यांच्याकडेच राहावी हाच त्याचा हेतू आहे. म्हणून जमीन मुळात कुणाला, कशी मिळाली इथपर्यंत मागे जाऊन बघायचं. गोव्यात २०२३ च्या कायद्यानंतर भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला घेता येत नाही. सत्तरीत भर म्हणून मोकासो, म्हणजे जुन्या इनामी जमिनींच्या मालकीचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे. घर स्वतःचं, पण खालची जमीन कुणाची यावर वाद, अशी घरं तिथे आहेत. गोव्याच्या समान नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता बहुधा सामाईक धरतात, त्यामुळे विकणाऱ्याच्या जोडीदाराची सही नसलेला कागद घेऊ नका.

कागदांचा विषय निघालाच आहे तर आमच्या शिरसीकडची एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण बाहेरून येणारे नेमके इथे फसतात. दलाल तुम्हाला म्हणेल, दहा एकर आहे, पाणी आहे, बाग आहे. तुम्ही चढून जाता. खाली ओळीत सुपारी, मिरीचे वेल खोडांवर चढलेले, मधे वेलची, आणि वर डोंगराच्या उतारावर दाट झाडी. तुम्हाला वाटतं हे सगळं आपलं होणार. उताऱ्यावर मात्र बाग निघते एकच एकर. वरची झाडी म्हणजे बेट्ट. कारवार जिल्ह्यात सुपारीच्या एका एकराला नऊ एकरांपर्यंत बेट्ट वापरायचा हक्क जुन्या काळापासून आहे, पालापाचोळा आणि हिरवा सोप्पु, म्हणजे ओली पानं, बागेला खत म्हणून घालण्यासाठी. जमीन वनखात्याची असते, आपला हक्क फक्त पाल्याचा. तिथे घर बांधता येत नाही, झाड तोडता येत नाही. हे खोटं म्हणून सांगितलं जात नाही, इथले लोक बोलतानाच बाग आणि बेट्ट एकत्र मोजतात, म्हणून तुम्हीच विचारायला हवं. आरटीसी म्हणजे इकडचा सातबारा, तिला पहाणीही म्हणतात. तिच्या ९ व्या रकान्यात मालकाचं नाव आणि ११ व्यात कर्ज, बोजा, इतर हक्क असतात. तो कागद हातात घेऊन, मोजणीच्या नकाशासह, जमिनीवर उभं राहायचं आणि विकणाऱ्याला म्हणायचं, मला हद्दीचे दगड दाखवा.

आता दवाखाना. तालुक्याला सरकारी रुग्णालय आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. रविवारी रात्री साडेनऊला स्वतः तिथे जा आणि चार गोष्टी विचारा. आत्ता डॉक्टर कोण आहेत? ईसीजी काढून लगेच वाचला जातो का? हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथे देतात का? सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या किती कुप्या शिल्लक आहेत? उत्तरं देणाऱ्या नर्सबाईंच्या चेहऱ्यावरून आणि औषधाच्या कपाटाकडे त्यांचा हात कसा जातो यावरून बरंच कळतं. नंतर तिथून तुम्ही बघितलेल्या गावापर्यंत त्याच रात्री गाडी चालवा आणि वेळ लिहा. दिवसा पस्तीस मिनिटं वाटणारा रस्ता रात्री धुक्यात पंचावन्नवर जातो. १०८ ची रुग्णवाहिका कुठून निघते तेही तालुक्यातच विचारा.

शिरसीबद्दल मला इथे तुमच्याशी स्पष्ट बोललं पाहिजे, जरी मी स्वतः इथे आनंदात राहतो. तालुक्यात चांगले डॉक्टर आहेत. पण अँजिओप्लास्टीची वेळ आली तर आमचे लोक हुबळी गाठतात, म्हणजे शंभरेक किलोमीटर, पावसात अडीच तास. समुद्राकडे उतरणारे घाट तर जुलैत बेभरवशाचे. १६ जुलै २०२४ ला याच जिल्ह्यात अंकोल्याजवळ शिरूरला राष्ट्रीय महामार्गावर दरड कोसळली, माणसं गेली आणि रस्ता बरेच दिवस बंद राहिला. शिवाय शिरसी-सिद्दापूरच्या जंगलाकडेला माकडताप आहे. हा आजार १९५७ मध्ये शेजारच्या शिवमोग्ग्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि डिसेंबर ते मे या काळात जास्त दिसतो. घाबरून जायचं कारण नाही, आम्ही जंगलात जाताना अंगाला तेल लावतो, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुतो. पण पाच वर्षांचं पोर दिवसभर पाचोळ्यात खेळणार, तर हे आधी माहीत असलं पाहिजे. स्टेंट बसलेल्या माणसासाठी मी शिरसी सुचवत नाही. सासूबाई ठणठणीत असत्या तर कदाचित सुचवलं असतं.

मुलीच्या शाळेविषयी तुम्ही फक्त एक ओळ लिहिलीत, “तिथे बऱ्या शाळा आहेत का?” शाळेची इमारत आणि बोर्ड याच्या आधी एक हिशोब करा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा त्या-त्या राज्याच्या मुलांसाठी असतात, १५ टक्के देशभरातल्यांसाठी. राज्याचा विद्यार्थी कोण, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. महाराष्ट्रात त्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी. कर्नाटकात पहिली ते बारावी यांपैकी किमान सात वर्षं राज्यातल्या शाळा-कॉलेजांत शिकलेलं असावं लागतं. तुमची मुलगी जूनमध्ये सहावीत जाईल. सहावी, सातवी, आठवी, नववी, दहावी, अकरावी, बारावी. बरोबर सात. या जूनमध्ये कर्नाटकात आलात तर ती तिथली ठरते. आणखी एक वर्ष थांबलात तर सहाच भरतात, आणि दहावी-बारावी तिकडे झाल्यामुळे महाराष्ट्राचा दरवाजाही बंद होतो. ती कुठलीच राहत नाही. आमच्याकडे आलेल्या एका मुलाच्या बाबतीत हे बारावीच्या निकालानंतर लक्षात आलं. त्याच्या वडिलांनी मला विचारलं होतं, शाळा कधी बदलावी, आणि मी म्हणालो होतो, सावकाश बदला, मुलाला आठवी पुरी करू द्या. ते मला अजून टोचतं. तेव्हापासून नववी-दहावीतलं मूल घेऊन येणाऱ्यांना मी स्वतःहून हे आधी सांगतो. नियम दर वर्षीच्या प्रवेशपुस्तिकेत छापलेले असतात, तिथे एकदा स्वतः वाचून घ्या, कारण कलमांत बारीक बदल होत राहतात. मुलीला डॉक्टर-इंजिनीअर व्हायचंच नाही असंही होईल, पण अकरा वर्षांच्या मुलीसाठी तो निर्णय आपण आज घेऊन टाकू नये.

भाषेचं सांगतो. कर्नाटकात कन्नड शिकावीच लागते, बोर्ड कोणतंही असो. सहावीत नवीन लिपी शिकणं जड जातं, अशक्य नसतं. पहिले सहा महिने शेजारच्या एखाद्या कॉलेजच्या मुलीला रोज तासभर घरी बोलवा. तुमचा मुलगा मात्र अंगणात खेळता खेळता वर्षभरात तुम्हाला दुकानात भाषांतर करून देईल. त्याच्यासाठी एक जवळची संधीही लक्षात ठेवा: जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळतो, ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण शाळेत झालेली लागते. मुलीला हे लागू होत नाही, मुलाला होईल.

इथे जरा थांबून सासूबाईंबद्दल बोलतो, दवाखाना सोडून. तुमच्या पत्रात त्यांच्या स्टेंटचा उल्लेख चार वेळा आहे, पण त्यांना स्वतःला कुठे जायचंय ते एकदाही नाही. त्यांना विचारलंत का? पुण्यात त्यांचं सकाळचं फिरणं, देवळातल्या बायका, भाजीवाला, फोन न करता येऊन बसणारी मैत्रीण, हे सगळं इथे एका दिवसात संपतं. तुम्ही दोघं सकाळी नऊला लॅपटॉप उघडणार, मुलं शाळेत जाणार, आणि त्या परक्या भाषेच्या गावात संध्याकाळपर्यंत एकट्या. शिरसीजवळ एक नाशिकचं घर आहे, तिथल्या आजी पहिले चार महिने खोलीबाहेर आल्या नाहीत. सुनेने डॉक्टर बदलले, औषधं बदलली. मग शेजारच्या घरातली एक बाई रोज चारच्या सुमाराला सुपारी सोलायला आपली अडकित्त्यासारखी पाती लावलेली फळी घेऊन यांच्याच पडवीत बसायला लागली. एकीला कन्नड येतं, एकीला मराठी. दोघी सुपाऱ्या सोलतात आणि आपापल्या भाषेत बोलतात. आजी आता नाशिकला गेल्या की आठ दिवसांत परत यायचं म्हणतात. पण असं शेजारपण नशिबाने मिळतं, त्याच्या भरवशावर घर घेऊ नये. म्हणून त्यांना जिथे बोलता येईल, देवळात कीर्तन ऐकता येईल, एसटीची पाटी वाचता येईल अशा जागेला मी तुमच्या यादीत जास्त गुण देईन.

या कसोटीवर गोवा चांगला उतरतो. कोकणी ही राजभाषा असली तरी कारभारात मराठीला जागा आहे, गावागावांत सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहेत, भजनं, नाटकं, सगळं कानाला ओळखीचं. राज्य छोटं, त्यामुळे बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय कुठूनही फार लांब नाही. वाळपईहून साधारण तासाभराचा रस्ता, डिचोली किंवा फोंड्याकडून त्याहून कमी. गोवा ठरवलंत तर सत्तरीच्या आत म्हादईच्या जंगलाकडे न जाता डिचोली-फोंडा पट्ट्यात बघा. अडचण किमतीची आहे. तिथे जागांना बाहेरून मागणी मोठी, आणि ५५ लाखांत निर्वेध कागदांची, पाण्याची, शेती करता येईल अशी जागा शोधायला फार हिंडावं लागेल.

म्हणून मी तुम्हाला पाचवं नाव सुचवतो, जे तुमच्या यादीत नाही: बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका. सुट्टीत कुणी मुद्दाम खानापूरला जात नाही, म्हणून ते तुमच्या डोळ्यांसमोर आलं नसणार. आता चारही घड्याळं लावून बघा. खानापूर ते बेळगाव साधारण २६ किलोमीटर, आणि बेळगावात दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, एक सरकारी बिम्स आणि दुसरं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय. हृदयावरचे उपचार शहरातच होतात. सांबऱ्याला विमानतळ, लोंढ्याकडे जाणारी रेल्वे खानापुरातून, आणि पुण्याला सरळ राष्ट्रीय महामार्ग. राज्य कर्नाटक, त्यामुळे मुलीची सात वर्षं इथेही भरतात. सीबीएसईच्या शाळा बेळगावात आहेत. आणि तालुक्यातल्या बहुतेक गावांत घरची भाषा मराठी. सासूबाई पहिल्याच दिवशी पायरीवर बसून शेजारणीला विचारतील, काय गं, आज काय केलंस.

एक गोष्ट झाकून ठेवत नाही. हा सीमाभाग आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि महाराष्ट्राने २००४ साली केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. अधूनमधून पाट्यांवरून, मोर्चांवरून वातावरण तापतं, एक-दोन दिवस बस बंद राहतात. रोजच्या जगण्यात मराठी आणि कन्नड माणसं एकमेकांच्या लग्नाला जातात, एकमेकांच्या शेतात राबतात. तलाठ्याचं, पंचायतीचं, पोलीस ठाण्याचं काम कन्नडमध्ये चालतं. तुम्ही दोघांनी कन्नड लिहा-वाचायला शिका, ते ज्या मातीत राहणार तिचं देणं आहे असं मला मनापासून वाटतं.

खानापूर तालुक्यातही सगळीकडे सारखं नाही. पश्चिमेला कणकुंबी, जांबोटीकडे पाऊस प्रचंड, जंगल दाट, भीमगड अभयारण्य लागून, गवे शेतात येतात. तिथे डोळे दिपतात, पण तुमच्या घरासाठी ते नको. पूर्वेला नंदगड, बिडी, इटगीकडे पाऊस कमी, जमीन सपाट, पाण्याचा प्रश्न उन्हाळ्यात जास्त. तुम्ही देसूर ते खानापूर या रस्त्याच्या दोन्ही अंगांची गावं आधी पायाखाली घाला.

गावात गेल्यावर काय बघायचं? पाणी मे महिन्यात बघा, दुसऱ्या कुठल्याही महिन्यात बघितलेलं पाणी मोजू नका. विहिरीत डोकावून आतल्या दगडांवरची ओल्या-कोरड्याची रेघ बघा आणि पाणी शेंदणाऱ्या बाईला विचारा की दोर किती वाढवावा लागतो. रस्ता मोजणीच्या नकाशावर आहे का ते बघा. एका पुण्याच्या जोडप्याने फेब्रुवारीत काजू फुललेला असताना घर घेतलं. डांबरी रस्त्यापासून चारशे मीटरची वाट दुसऱ्याच्या शेतातून होती. जूनमध्ये त्या शेतकऱ्याने भात लावलं, जे तो दर वर्षी लावतोच, आणि शाळेची गाडी येईना. पोरं चिखलातून बांधावरून चालत जायची, एका हातात बूट. विकणाऱ्याने वाट दाखवली होती, पण हक्क दिला नव्हता. इंटरनेटसाठी दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या लागतील, त्यांतली एक तरी तारेची. आणि ती जुलैत, मुसळधार पावसात, सकाळी अकराच्या तुमच्या खऱ्या मीटिंगला टिकते का ते बघा. गावातल्या पोराच्या मोबाईलवर व्हिडिओ चालतो म्हणजे तुमचं काम चालेल असं नाही.

हे सगळं विकत घेण्याआधी तपासायचा एकच मार्ग मला माहीत आहे, अकरा महिने भाड्याने राहणं. त्यात मे महिना आणि जुलै महिना दोन्ही आले पाहिजेत. शक्यतो गावातच, वस्तीत, चार घरांना लागून घर घ्या. शेतातलं एकटं घर पहिल्या वर्षी नको. अकरा महिन्यांनंतर जमीन घ्याल तेव्हा ५५ पैकी तीस-पस्तीसच्या वर जमिनीला घालू नका. विहीर, कुंपण, विजेचं कनेक्शन, इन्व्हर्टर, वाट, आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत घराच्या अंगाला जे जे उघडं पडेल ते, यात बाकीचे पैसे जातात. पुण्याचा फ्लॅट विकायचा विचार तीन वर्षं तरी डोक्यातून काढा.

किरकोळ पण विसरली जाणारी कामं: गाडी महाराष्ट्र पासिंगची असली तर दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपर्यंत चालते, त्यानंतर ना-हरकत घेऊन तिथे नोंदवावी लागते आणि महाराष्ट्रात भरलेल्या उरलेल्या कराचा परतावा मागता येतो. मतदार यादीतला पत्ता फॉर्म ८ भरून बदलतो. महाराष्ट्राची जनआरोग्य योजना तिथल्या रहिवाशांची आहे, पण सासूबाईंना ७० पूर्ण झाली की आयुष्मान भारतचं ज्येष्ठांचं कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, आणि ते राज्याबाहेरही चालतं. तुमच्या घराला जातीच्या आरक्षणाचा लाभ मिळत असेल तर तो नव्या राज्याच्या योजनांत आपोआप मिळत नाही. मुलीच्या हिशोबात हेही धरा.

माझं उत्तर कशावर बदलेल तेही सांगतो. हृदयरोगतज्ज्ञांनी सासूबाईंची तब्येत स्थिर आहे, वर्षातून एकदा दाखवलं तरी चालेल असं म्हटलं, आणि सासूबाई स्वतः हसून “चला” म्हणाल्या, तर शिरसीचा विचार पुन्हा करता येईल. तुमच्यापैकी एकाचं काम ऑफिसात परत बोलावणारं निघालं तर पुण्याला रात्रीत पोचता येईल अशा जागेबाहेर जाऊ नका. आणि मुलगी आत्ताच म्हणत असेल की मला मैत्रिणींना सोडून जायचंच नाही, तर तिचं ऐकून घ्यायला एक अख्खा रविवार द्या.

जूनला शाळा बदलायची तर हातात वेळ थोडा आहे, आमच्याकडे शाळा मेअखेरीला उघडतात. या महिन्यातला एखादा शनिवार-रविवार धरून पाचही जण बेळगावला या. शनिवारी शाळा बघा. रविवारी सकाळी खानापूरला मलप्रभेच्या घाटावर सासूबाईंना घेऊन बसा, त्यांना तिथल्या बायकांशी बोलू द्या, मधे पडू नका. रात्री साडेनऊला दवाखान्याचा दरवाजा आणि तिथून गावापर्यंतची मिनिटं मोजा. दोन-तीन गावांचे आकडे झाले की मला कळवा. भाड्याच्या घराच्या करारात आणि पुढे पहाणी वाचायला मी सोबत येईन.